स्टॉर्मची लिप, बंदरावरचं फायबर आणि आमचा खारा वारा

रविवारी लिप बसली. लिप म्हणजे गाडीच्या नाकाखालची पुढे आलेली फायबरची पट्टी. आठ बोल्ट, आठही नुसत्या बोटांनी फिरवून आत गेले, एकालाही पाना लावून ओढून घ्यावं लागलं नाही. ज्याने कधी घरी पार्ट बनवून गाडीला लावलाय त्याला कळेल हा आनंद काय असतो ते. लिपचं हे काम दीड वर्ष चाललंय, आणि मधेमधे फोटो टाकले की मुलं विचारतात की मटेरियल कुठून आणलं, शिकलास कुठे, वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्यासारख्या ठिकाणी हे होतं कसं, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूया.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन सीटची, उघड्या छपराची छोटी गाडी, १९९८ साली बाजारात आली आणि बनायची गोव्यात. आमच्याकडून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा, म्हणजे ही तशी आमच्याच किनाऱ्याची गाडी. बॉडी पूर्ण फायबरची, म्हणजे काचेचं कापड आणि त्याला धरून ठेवणारं, सुकून कडक होणारं रेझिन, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी चार सिलेंडरचं, साधारण ६० हॉर्सपॉवर. ६० हॉर्सपॉवरला स्पोर्ट्स कार म्हणायचं का असं बरेच जण बोलून दाखवतात. मी त्यांना एवढंच सांगतो की एकदा बाजूला बसा आणि आंबोली घाट उतरूया. गाडी हलकी आहे, बसायला खाली आहे, रस्ता हाताला कळतो. पॉवर कमी असली तरी ती फार क्वचित कमी वाटते.

माझ्याकडे आली २०१९ मध्ये, गोव्यातल्या एका घरामागे माडाखाली ताडपत्री घालून कित्येक वर्षं उभी होती. बॉडी जवळजवळ ठीक, कारण फायबर गंजत नाही, पण नाकाचा खालचा भाग कुठेतरी गटाराच्या कडेला आपटून फुटलेला आणि खालचं लोखंड मिठाने खाल्लेलं. ही काही जागोजागी दिसणारी गाडी नाही, दुकानात जाऊन काउंटरवर 'पुढचा खालचा पीस द्या' म्हणून मिळत नाही. मग दोनच रस्ते, एकतर तशीच फुटकी चालवायची नाहीतर बनवायचं. आणि बनवायचंच आहे तर जसं होतं तसंच का, आपल्याला हवं तसं का नाही, रेडिएटरला जास्त हवा मिळेल असं, खालून थोडं पुढे आलेलं. असं ते सुरू झालं.

जागा म्हणजे आमचा मांगर. आजोबांच्या वेळचा, चिऱ्याचा, वर कौलं, पूर्वी त्यात गवताच्या पेंढ्या आणि लाकडं असायची. बाबांनी अर्धा मांगर मला दिला, अर्ध्यात अजून नारळ आणि सुक्या चुडती आहेत, आणि मधे मी पत्र्याचं पार्टिशन घातलंय कारण ग्राइंडरची एक ठिणगी चुडतींवर पडली तर मांगर, गाडी, बाजूची माडाची झाडं सगळंच जाईल. पाण्याची बादली आणि वाळूची पिंप पार्टिशनच्या याच बाजूला, हाताशी. हे आधी लिहितोय कारण फोटोत फक्त वेल्डिंगच्या निळ्या उजेडाचं कौतुक होतं, बादली दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट, मीठ. शिरोड्यात लहानपणापासून मिठागरं बघत मोठा झालोय मी. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला हे आम्हाला शाळेत दरवर्षी सांगायचे. पण मीठ लोखंडाचं काय करतं ते मला गाडी घेतल्यावर नीट कळलं. मीठ उन्हात सुकं असतं तेव्हा निदान गप्प असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं, मिठागरात काम करणारा कोणीही माणूस हे आकड्याशिवाय सांगेल. आमच्याकडे आर्द्रता ७५ च्या वर म्हणजे बहुतेक रात्री. म्हणजे समुद्रावरून दिवसभर वाऱ्याबरोबर आलेलं मीठ गाडीच्या खालच्या फटीत, वेल्डच्या कडेला, बोल्टच्या डोक्याखाली बसतं आणि रात्री ओलं होऊन आपलं काम करतं. पुण्या-मुंबईची मुलं व्हिडिओत ब्रॅकेट बनवतात, वर स्प्रे पेंट मारतात, झालं. तसंच्या तसं मी केलं, आणि एका पावसाळ्यात गेलं.

तो पार्ट म्हणजे बॅटरीचा ट्रे. ॲल्युमिनियमचा सुंदर बनवला होता, घडी घालून, कोपरे नीट, आणि बसवला साध्या झिंक प्लेटिंगच्या लोखंडी बोल्टने थेट चेसिसवर. पुढच्या गणपतीत बघतोय तर बोल्टच्या भोवती पांढरी पिठासारखी पावडर, ट्रेची भोकं मोठी झालेली आणि ट्रे हाताने हलतोय. तो उचलून मी वेंगुर्ल्याला बंदरावर नेला, तिथे फायबरच्या होड्या बनवणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे माझा मित्र आधी कामाला होता. काकांनी ट्रे हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "झिला, मीठ कोणाक सोडणा नाय. होडयेच्या पंख्याक आमी झिंक कित्याक लावतंव?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मधे खारं पाणी, म्हणजे ती बॅटरीच झाली, आणि दोघांतला जो जास्त सक्रिय तो झिजतो. होडीच्या पंख्याजवळ मुद्दाम झिंकचा तुकडा लावतात, म्हणजे तो झिजेल आणि पंखा नि शाफ्ट वाचेल. माझ्याकडे बोल्टवरचं झिंक पहिल्या पावसातच संपलं आणि मग लोखंडाच्या वाट्याचं झिजणं माझ्या ट्रेने घेतलं. दुसरा ट्रे मी ५०८३ चा केला. ५०८३ म्हणजे मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम, समुद्रातल्या कामासाठीच वापरतात, शीट कोल्हापूरहून मागवली. बोल्ट एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, ३१६ ग्रेड, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा जास्त टिकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक बोल्टला नायलॉनचा बुश आणि वॉशर, खाली चेसिसवर रबराची पट्टी, धातूला धातू कुठेच लागत नाही. एसएसचा बोल्ट एसएसच्या नटात कोरडा घट्ट केला तर आटे एकमेकांत जाम होतात आणि मग कापूनच काढावा लागतो, म्हणून आट्यांना अँटीसीझ, म्हणजे जाम होऊ न देणारी ग्रीस. दोन पावसाळे झाले, ट्रे आहे तसाच आहे.

त्या दिवसापासून माझं बंदरावर जाणं सुरू झालं. घरापासून वीसेक किलोमीटर, रविवारी सकाळी जायचं, काकांकडे बसायचं, जे सांगतील ते करायचं. मला फायबरचं काम शिकवणारी व्हिडिओ शंभर मिळाली होती, इंग्लंड-अमेरिकेतली, पण त्यांच्या गॅरेजमध्ये हिटर आणि डिह्युमिडिफायर असतो. काका तेच काम झापांच्या मांडवाखाली करतात आणि त्यांची होडी वादळातून परत येते. मला सुरुवातीला थोडा संकोच वाटत होता की होडीवाल्याकडे गाडीचं काय विचारायचं, तर ते म्हणाले, "होडी काय नि गाडी काय, फायबराक काय कळता?"

लिपचं काम असं झालं. आधी पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन नाकाच्या एका बाजूचं टेम्प्लेट कापलं, मग तेच उलटं करून दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. गाडी जमिनीवर सरळ उभी आहे की नाही ते बघायला गवंड्याची पाण्याची नळी वापरली, मांगराची जमीन शेणाने सारवलेली होती तिथे लेव्हल कसली मिळणार, शेवटी चारही चाकांखाली फरशीचे तुकडे घातले आणि पाणी दोन्हीकडे सारखं येईपर्यंत सरकवत बसलो. एक अख्खा दिवस त्यात गेला. पण तो दिवस दिला नसता तर लिप एका बाजूला बोटभर खाली दिसली असती आणि पुढून गाडी कायम रुसल्यासारखी दिसली असती.

मग प्लग, म्हणजे ज्याच्यावरून साचा काढायचा तो मूळ आकार. मी थर्माकोल कोरून केला, हलकं, स्वस्त, सुरीने कापतं. वर थेट रेझिन मारलं आणि डोळ्यासमोर थर्माकोल विरघळून खाली बसला. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि थर्माकोल म्हणजे स्टायरिनचाच फुगवलेला प्लास्टिक, त्यामुळे ते एकमेकांत जातात. चार दिवसांचं कोरीव काम गेलं, फार वाईट वाटलं. काकांनी मांडवाच्या कोपऱ्यातून पिवळे फोमचे तुकडे काढून दिले, होडीच्या मासे ठेवायच्या खणाला बर्फ टिकावा म्हणून जो पीयू फोम भरतात त्यातले उरलेले. पीयूला स्टायरिन काही करत नाही. ते तुकडे जोडले, कानशीने आणि खरखरीत पेपरने घासले, वर एक थर फायबरचा, वर पुट्टी, आणि मग घासाघाशी सुरू. १२० चा पेपर, २२०, ४००, मग पाण्यात ८०० आणि १२००. आईने शेवटी शेवटी विचारायचं सोडलं. प्लगवर जो ओरखडा राहील तो साच्यात जातो आणि साच्यातून प्रत्येक पार्टवर येतो, म्हणून इथे कंटाळा करून चालत नाही. डोळ्यांना गुळगुळीत दिसतं ते खोटं असतं, डोळे मिटून तळहात फिरवायचा, उंचसखल लगेच लागतं.

घासून झाल्यावर मोल्ड वॅक्स, सात हात, प्रत्येक हातामध्ये तासभर थांबून कपड्याने चमकवायचं. मग पीव्हीए, पातळ हिरवं पाण्यासारखं, सुकलं की पापुद्रा होतो, म्हणजे साचा चिकटणार नाही. लिपला खालच्या कडेला आत वळण होतं, एकसंध साचा केला असता तर पार्ट आतच अडकला असता, त्यामुळे मधे हार्डबोर्डची भिंत उभी करून साचा दोन तुकड्यांत केला आणि कडेला बोल्टची भोकं ठेवली. साचा पार्टपेक्षा दुप्पट जाड हवा नाहीतर पिळतो. आणि सुकला म्हणून लगेच उपटायचा नाही, मी आठवडाभर तसाच ठेवला.

आता रेझिन. इथे जरा नीट वाचा कारण यात माणूस भाजू शकतो. रेझिनमध्ये कोबाल्ट असतं, जांभळं, त्याला ॲक्सिलरेटर म्हणतात, आणि हार्डनर म्हणजे एमईकेपी. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधी, कधीही घालायचे नाहीत, आग लागते, स्फोट होऊ शकतो. काकांच्या मांडवात दोन्ही डबे दोन टोकांना असतात आणि दोन्हींची मापं वेगळी, एकाचं माप दुसऱ्यात गेलेलं त्यांना चालत नाही. मीही तसंच ठेवलंय. हार्डनर एक ते दोन टक्के, पण मे महिन्यात आमच्याकडे ३४-३५ डिग्रीला दोन टक्के घातलं तर मग्यातच उकळून दगड होतं, धूर येतो. मी किलोला १० मिलीच घालतो, आणि एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त रेझिन कालवत नाही. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जातो, चष्मा घाला. तोंडाला नुसता रुमाल बांधून उपयोग नाही, वाफेसाठीचा कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो, सातआठशे रुपये खर्च करा पण घ्या.

वासाचं घरच्यांना फार झालं. मांगर आणि स्वयंपाकघर यात एक खळंच काय ते अंतर, आणि संध्याकाळी वारा पडला की सगळा वास आत. आई म्हणाली, "भाताक पण तोच वास येता, भायर खंय तरी ने ता." तिचं बरोबर होतं. त्यानंतर रेझिनचं काम फक्त सकाळी, मागच्या आंब्याखाली.

थर लावताना मला सगळ्यात मोठी गोष्ट शिकायला मिळाली ती म्हणजे रेझिन ताकद देत नाही, ताकद काचेच्या कापडाची. रेझिन फक्त कापडाला धरून ठेवतं. पहिली लिप मी घाबरत घाबरत भरपूर रेझिन ओतून केली, काट्यावर ४.५ किलो भरली आणि पहिल्यांदाच हातातून निसटून खळ्यात पडली तर कोपऱ्याला तडा. काकांनी तुकडा मोडून आतली बाजू दाखवली, कापडाच्या मधे नुसतं काचेसारखं कडक रेझिन. "पिळून काढ. कापडाक व्हया तेवढाच ऱ्हवांदे." हिशोब बघा, लिपचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरलं, चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या गादीचे, तीन थर म्हणजे पावणेसातशे ग्रॅम काच, त्याच्या दुप्पट-सव्वादोनपट रेझिन म्हणजे दीड किलो, वर अर्धा मिलिमीटर जेलकोटचे, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत रेझिनच्या थराचे, तीनशे ग्रॅम. सगळं मिळून अडीच किलो. दुसरी लिप २.६ भरली. लोखंडी दांड्याला वॉशर ओवून केलेला काकांचा रोलर असतो तो प्रत्येक थरावर फिरवायचा, दाबून, हवेचे बुडबुडे कडेला काढत, मॅट पांढरी असते ती ओली झाली की पारदर्शक होते, जिथे पांढरं राहिलं तिथे हवा आहे. बोल्ट येतात त्या आठ जागी विणलेल्या कापडाचे दोन जादा तुकडे घातले, कारण ताण तिथे येतो.

आणि पावसाळा. शिरोड्यात जूनपासून रेझिनचं काम मी करत नाही. ओल्या हवेत वरचा थर चिकट राहतो, मॅट स्वतः ओल धरते आणि मग थर एकमेकांना नीट धरत नाहीत. काका पण मोठं काम आगोटीच्या आधी उरकतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, मालकांना नारळी पौर्णिमेच्या आधी होडी तयार हवी असते म्हणून किरकोळ डागडुजी चालते, ती सुद्धा मधे दोन दिवस ऊन पडलं तर. मॅटचा रोल कुठे ठेवायचा हा माझ्याकडे प्रश्न होता, मांगरात चार महिने ठेवला तर हातात पाणी येईल असा होतो. शेवटी तो गेला चुलीवरच्या माळ्यावर, जिथे आई सोलं आणि सुके मासे ठेवते. खालची ऊब लागते, कोरडा राहतो. फक्त मॅट हां, रेझिन आणि हार्डनर नाही, ते घराच्या बाहेर लांब.

काच अंगाला टोचते ते वेगळं. गरम पाण्याने आंघोळ करू नका, आधी थंड पाणी ओतून घ्या, चोळू नका.

वेल्डिंगचं शाळेतल्या भूगोलाशी नातं आहे हे मला इथे कळलं. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, चौथी-पाचवीत पाठ केलं होतं. मिग किंवा टिगने वेल्ड करताना गॅसचं पांघरूण असतं, वारा आला की ते उडतं आणि वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात, वरून बरा दिसतो पण आत जाळी. साधारण अकराच्या सुमाराला खारा वारा सुटतो. त्याच्या आधी सकाळी मधली एक वेळ असते, ना इकडचा ना तिकडचा, माडाची झावळ हलत नाही. माझं सगळं टिगचं काम त्या वेळात. पण नेमकं तेव्हाच आजूबाजूच्या बागांचे पंप चालू असतात, सुपारीला पाणी सोडतात, व्होल्टेज पडतं आणि आर्क मरतो. शेजारच्या काकूंना जाऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या की आम्ही साडेआठला बंद करतो. म्हणजे मला साडेआठ ते साधारण साडेदहा. त्या दोन तासांत जे होईल ते.

एक्झॉस्टचा मधला आणि मागचा भाग त्या दोन-दोन तासांत जोडून झाला, सहा रविवार लागले. ३०४ चा एसएस पाइप, दीड मिलिमीटर जाड, आधी प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपाने डमी करून बघितली मग एसएस कापला. एसएसला आतूनही आर्गॉन सोडावा लागतो, पाइपाची टोकं टेपने बंद करून, नाहीतर आतल्या बाजूला काळं खरखरीत साखर जळल्यासारखं होतं आणि तिथूनच पुढे फुटतो. हेडर, म्हणजे इंजिनमधून निघणाऱ्या चार पाइपांचा जोड, मला स्वतः करायचाय, इंजिनचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, त्यामुळे १ आणि ४ एकत्र, २ आणि ३ एकत्र, मग दोन्हींचा एक, म्हणजे चार-दोन-एक. अशाने मधल्या आरपीएमला ओढ चांगली मिळते आणि आमच्या घाटरस्त्यांना तीच लागते. पण ते पुढच्या थंडीत.

थ्रीडी प्रिंटर घेतलाय, त्याच्याबद्दल थोडक्यात. ऑइल प्रेशरच्या मीटरची वाटी पीएलए प्लास्टिकमध्ये छापून डॅशवर बसवली, एप्रिलच्या उन्हात गाडी उघडी ठेवून जेवायला गेलो, परत येईपर्यंत वाटी लोण्यासारखी वाकलेली. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ होतं आणि उन्हातला काळा डॅश तेवढा सहज तापतो. आता नमुना पीएलएत छापतो आणि तो बसला की खरा पार्ट एएसए प्लास्टिकमध्ये, ते साधारण १०० पर्यंत टिकतं आणि उन्हाने पांढरं पडत नाही. फिलामेंटही ओल खातं, डाळीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो.

गिअर नॉब मात्र ना छापला ना ओतला. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाखेचं काम करतात, तिथल्या एका कारागिराकडे शिसवाचा तुकडा घेऊन गेलो, हाताची मूठ करून दाखवली, त्यांनी माझा तळहात दोनदा हातात घेऊन बघितला आणि खरादावर अर्ध्या तासात तसाच गोळा काढून दिला. आत पितळेचा आट्याचा बुश मी बसवला. दिवसातून कितीदा हात त्याच्यावर जातो, आणि दर वेळी बरं वाटतं.

जे घरी करत नाही ते पण सांगतो. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे आर्म, सीटबेल्ट जिथे बांधला जातो त्या जागा. तिथे माझा वेल्ड नाही. ट्रे तुटला तर बॅटरी हलेल, आर्म तुटला तर समोरून येणारा माणूस मरेल. चेसिसला जिथे मीठ लागलं होतं तिथला पॅच मी कापून, घासून, गंजावरचं फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर मारून तयार केला पण वेल्ड कुडाळला एका अनुभवी माणसाकडून करून घेतला, वर झिंकचा प्रायमर, आत पोकळीत मेण. आणि कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आरसीवर कंपनीने दिलेलं जे आहे त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच परत स्पष्ट केलंय. त्यामुळे इंजिन तेच, चेसिस तीच, छप्पर उघडं तसंच, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर, आवाज मर्यादेत. लिपला पण पुढची कड गोल ठेवलीये, माणसाच्या पायाला लागली तर कापू नये म्हणून. ज्यांना धारदार कडेच्या लिप, म्हणजे स्प्लिटर, आवडतात त्यांच्याशी माझं इथे जमत नाही.

तर रविवारी लिप बसली. आई-बाबा दोघं खळ्यात येऊन बघून गेले, बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि वाकून खालून हात फिरवला, बोलले काही नाही, पण हात परत दुसऱ्यांदा फिरवला. आजीने गाडीला हळदकुंकू लावलं. संध्याकाळी मी गाडी घेऊन आरवलीला वेतोबाच्या पाया पडून आलो, रस्त्यावरचे खड्डे आणि एक गतिरोधक नीट निघाला, खाली कुठे घासलं नाही.

काल सोमवारी गाडी काकांना दाखवायला बंदरावर नेली. त्यांनी काम थांबवलं, हात पुसले, गाडीसमोर उकिडवे बसले आणि खिशातून एक रुपया काढला. नाण्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेले, टक, टक, टक, कान लावून. मी बाजूला उभा. डावीकडच्या तिसऱ्या बोल्टच्या थोडं खाली आवाज बदलला, टकच्या जागी ढप. मला पण ऐकू आला. थर सुटलाय, मधे हवा राहिली. होडीत हीच जागा लाट मारून मारून उघडते म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली, तिथे रुपयाएवढं गोल काढलं आणि म्हणाले, "ह्यां परत कर."

आठ बोल्ट परत निघालेत. लिप मांगरात स्टुलावर उलटी ठेवलीये, मागच्या बाजूने त्या गोलाच्या जागी घासून खाली उतरलोय, दोन थर काढले आणि बुडबुडा सापडला, पन्नास पैशाच्या नाण्याएवढा. उद्या सकाळी, पंप बंद व्हायच्या आधीच, आंब्याखाली बसून नवीन तुकडे लावेन. दोनशे ग्रॅम रेझिन, २ मिली हार्डनर.